खडकातली रेषा आणि कालखंडाची सीमा : फलकावर नेमकं काय लिहावं? (चर्चा; गिट्टीखदान, कन्हानकाठ, मुरूम, बोअरवाला ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

गिट्टीखदान
नागपूर दख्खनच्या काळ्या पत्थराच्या पूर्व काठावर वसलंय. सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्सच्या टेकड्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या. पूर्वेला सरकलं की पट्टिताश्म, म्हणजे नाईस. कामठी-सिल्लेवाड्याकडे गोंडवना या जुन्या गाळाच्या खडकांचे वालुकाश्म आणि खाली कोळसा. भिवापूर तालुक्यात नांदच्या बाजूला लाव्ह्याखालून डोकावणारा लॅमेटा, म्हणजे नदी-तळ्यांत साचलेला चुनखडीयुक्त गाळाचा खडक. एका जिल्ह्यात एवढी विविधता असल्यामुळे खदानीत, नाल्याच्या काठावर, रस्त्याच्या कापात दोन खडकांमधली रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते. अशा जागी माहितीफलक हवेत, याबद्दल दुमत नसावं. पण त्यावर "इथे अमुक युग संपलं, तमुक सुरू झालं" असं लिहायला माझा स्पष्ट विरोध आहे.

नाईसवर लॅमेटा बसलेला असतो ती जागा घ्या. खालचा खडक 100 कोटी वर्षांहून जुना. वरचा क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी अखेरचा, ढोबळमानाने 7 कोटी वर्षांच्या अलीकडचा. त्या रेषेवर कुठलंच युग संपलं नाही की सुरू झालं नाही. मधल्या काळात जे साचलं ते धुऊन गेलं, किंवा साचलंच नाही. पाठ्यपुस्तकात याला अनकन्फॉर्मिटी म्हणतात.

आणि जी खरी सीमा, क्रिटेशस संपून पॅलिओसीन सुरू होण्याची, ती 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. दख्खनचा लाव्हा त्याच सुमाराला, सीमेच्या आधीही आणि नंतरही वाहत होता. नागपुरातल्या टाकळीला दोन लाव्ह्यांच्या मधे गोड्या पाण्यातला थर आहे. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात त्यातले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म जगासमोर आणले. पुढे त्याच थरात डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे सापडले, म्हणजे तो सीमेच्या खालचा. इकडे छिंदवाड्याच्या झिलमिलीला लाव्ह्यांमधल्याच थरात पॅलिओसीनच्या सुरुवातीचे फोरॅमिनिफेरा, म्हणजे सूक्ष्म एकपेशी जीव, मिळाले, ते 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. तो सीमेच्या वरचा. दोन्हीकडे वर-खाली बेसाल्टच. युग बदललं तरी पत्थराचा रंगसुद्धा बदललेला नाही.

कन्हानकाठ
शास्त्र म्हणून बरोबर, फलक म्हणून मात्र हे चालायचं नाही. स्कॉटलंडमध्ये सिकार पॉइंटला भूशास्त्रज्ञ हटनने 1788 मध्ये जे पाहिलं ते काय होतं? खाली उभे झालेले सिल्युरियन काळातले थर, वर जवळजवळ आडवा, त्यानंतरच्या डेव्होनियन काळातला लाल वालुकाश्म, मधे साधारण साडेसहा कोटी वर्षांची पोकळी. तुमच्या मोजमापाने तीही "युगाची सीमा" नाही. पण पृथ्वी किती जुनी असेल हे लोकांना कळलं ते असल्याच रेषांमुळे. नकाशा करणारा आधी खडक बघून रेष मारतो, वय मागाहून ठरतं.

कामठी शैलसमूहावर, म्हणजे कामठीकडच्या त्या वालुकाश्मांवर, जिथे लॅमेटा येतो तिथे खाली मुख्यतः पर्मियन, म्हणजे डायनोसॉरच्याही आधीच्या कालखंडाचा खडक, वर क्रिटेशस. त्यात वाद नाही. मग "पर्मियन आणि क्रिटेशस खडकांची सीमा" असं ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत? शाळेच्या सहलीला आलेल्या पोराला काळाची नावं दिली नाहीत तर तो नुसता "लाल दगड, पांढरा दगड" एवढंच घेऊन जाईल.

मुरूम
आधी हे बघा की दिसते ती रेषा खरंच थरांची आहे का. नागपूरच्या पश्चिमेला "सीमा" म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक रेषा तशा नसतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो मुरूम. बेसाल्ट वरून कुजत जातो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल गोटे सुटतात. वर पिवळट मुरूम, खाली काळा कातळ, मधे बऱ्यापैकी ठळक रेषा. पण खडक तोच आहे. जवळ जाऊन मुरमातला एखादा गोटा फोडा, आत गाभा काळाच निघतो. दुसरी फसवणूक एकाच लाव्ह्याच्या प्रवाहातली : माथ्याला पोकळ्या, त्यांत झिओलाइट नावाची पांढरी खनिजं, खाली भरीव गाभा. तिसरी खदानीची पायरी. सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या अर्धनळ्या आणि त्यांच्या तळाशी आडवी धार दिसली की ती माणसाने केलेली आहे, थराशी तिचा संबंध नाही.

लाल पट्टा दिसला की लोकांना हटकून वाटतं, हे युग बदललं. तो बोल, म्हणजे एका प्रवाहाचा माथा पुढचा लाव्हा येईपर्यंत उघड्यावर कुजून झालेली लाल माती. कधी त्यात ज्वालामुखीची राखही असते. ओळखायची खूण साधी : पट्ट्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी, आणि खाली तो हळूहळू फिका होत कुजक्या बेसाल्टमध्ये मिसळतो. दोन्ही कडा सारख्याच धारदार असतील तर मग दुसरं काही आहे का ते शोधावं.

लॅमेट्याचा माथा मात्र बघण्यासारखा असतो. लाव्हा आला तेव्हा वरचे काही सेंटिमीटर भाजले गेलेले, रंग बदललेला, दगड कडक. त्यावरच्या बेसाल्टच्या बुडाला उभ्या नळीसारख्या पोकळ्या दिसतात. खालचा ओलावा वाफ होऊन वर चढला त्याच्या. एवढं दिसलं की संशय राहत नाही.

आम्लाच्या चाचणीबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे हमखास घोळ होतो. 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, फेस आला, झाला लॅमेटा, असं नसतं. कुजक्या बेसाल्टच्या भेगांतही चुना उतरून बसलेला असतो. म्हणून हातोड्याने ताजी बाजू काढायची आणि फेस फक्त भेगेवर येतो की सगळ्या अंगावर, ते भिंगातून बघायचं. उलट लॅमेट्यातला सिलिका भरलेला, चर्टसारखा (गारगोटीसारखा कठीण) भाग फेसाळतच नाही. त्यावर पोलादी सुरीचा ओरखडाही उठत नाही. एका जागेवर विसंबू नका, रेषेच्या कडेने वीस-तीस मीटर चालत दर चार-पाच मीटरवर थेंब टाका. आणि हातोडा चालवताना डोळ्यांवर गॉगल हवाच.

बोअरवाला
तुमचे कापातले वाद ठीक, आमच्याकडे रेषा दिसतच नाही. डीटीएच मशीनवर (भोकाच्या तळाशी हातोडा मारत बोअर करणारं मशीन) वरचा मुरूम संपेपर्यंत केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, मग काळी चुरी. पुढे चुरीत गुलाबी फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झचे दाणे आले की बेसाल्ट संपला. पण किती फुटांवर, हे एका रॉडच्या लांबीच्या आतच सांगता येतं. केसिंग नीट बसलं नसेल तर वरचा मुरूम ढासळत राहतो, खाली नाईस लागला तरी वरच्या बेसाल्टची चुरी येतच राहते. म्हणून दर 5 फुटांना नमुना घ्यावा आणि चाळणीत धुऊन बघावा, नुसता ढीग बघून खोली लिहू नये.

बावा, पाणी शोधणाऱ्याला पर्मियन की क्रिटेशस याचं काही नाही. वरचा खडक पाणी धरतो का आणि खालचा अडवतो का, तेवढं फलकावर लिहा. शेतकरी उभा राहून वाचेल.

गिट्टीखदान
@कन्हानकाठ, "खडकांची सीमा" आणि "कालखंडांची सीमा" यांत तुम्ही स्वतःच फरक केलात. माझा आग्रह तेवढाच आहे. कालखंडाची सीमा कशी ठरते ते बघा. पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायासिक यांची जागतिक सीमा चीनमधल्या मेइशानला 2001 मध्ये नक्की झाली. ती 27 क्रमांकाच्या थरात आहे. चुनखडकाचा तो अखंड थर जेमतेम 16 सेंटिमीटर जाडीचा, आणि सीमा त्याच्या मधोमध, कारण हिंडिओडस पार्व्हस नावाच्या कोनोडॉन्टचे, म्हणजे एका नामशेष सागरी प्राण्याचे, सूक्ष्म दात तिथे पहिल्यांदा येतात. ठळक दिसणारी राखेची पांढरी माती त्याच्या खाली, 25 व्या थरात. डोळ्यांना जी रेषा खुणावते ती सीमा नाही, आणि सीमा आहे तिथे डोळ्यांना काही दिसत नाही.

कन्हानकाठ
आणि त्याच्या उलट उदाहरण तुम्ही सोडून देताय. क्रिटेशसच्या अंताची जागतिक सीमा ट्युनिशियात एल केफला ठरलीय, आणि ती मातीच्या थराच्या बुडाशीच आहे, ज्यात अशनींत आढळणारा इरिडियम धातू आहे. इटलीतल्या गुब्बिओला चुनखडकांमधे जेमतेम सेंटिमीटरभर मातीचा थर आहे, त्यात इरिडियम नेहमीच्या तीसपट निघालं आणि 1980 मध्ये अशनी आदळून डायनोसॉर संपले, असा सिद्धान्त मांडला गेला. तिथे रेषा हीच सीमा. तेव्हा "दिसणारी रेषा कधीच सीमा नसते" असा नियम करू नका. जागेनुसार ठरवा.

गिट्टीखदान
कधीच नसते असं माझं म्हणणं नाही. आपल्या जिल्ह्यात दाखवता येईल अशी नाही. गुब्बिओला समुद्राच्या तळावर गाळ जवळपास न थांबता साचत होता. आपल्याकडे नदी-तळ्यांचा गाळ आणि वर लाव्हा, दोन्ही थांबून थांबून. म्हणून मी मजकूर सुचवतो : "वर : लॅमेटा, क्रिटेशसचा शेवट. खाली : कामठी वालुकाश्म, मुख्यतः पर्मियन. मधली सुमारे 18 कोटी वर्षं या ठिकाणी नोंदलेली नाहीत." तुमची नावंही आली, आणि पोराला त्या हरवलेल्या वर्षांचा प्रश्नही पडेल.

कन्हानकाठ
मजकूर मान्य, पण "सुमारे 18 कोटी" ऐवजी "17 ते 19 कोटी" लिहा. कामठी शैलसमूहाचा वरचा भाग ट्रायासिकच्या सुरुवातीपर्यंत जातो आणि प्रत्येक खदानीत त्याचा कुठला भाग उघडा पडलाय हे सारखं नसतं. बोअरवाल्यांची पाण्याची ओळ खाली घ्या.

मुरूम
रेषेवर ऑइलपेंटचा पट्टा मारू नका. रंगाखाली रेषेच्या काठचा खडक झाकला जातो, पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही. फलक समोरच्या बाजूला, कापापासून तीन-चार मीटर दूर, त्यावर कापाचा फोटो आणि फोटोवर रेष. फोटो पावसाळा संपल्यावर काढा, धूळ धुतली गेलेली असते. शेजारी मोजपट्टी उभी धरा. कोरडा खडक फिका दिसतो, पाणी शिंपडून घेतलं की दोन्हीकडचे रंग वेगळे उठून येतात.