मिश्रणाची गणितं: क्ष धरायचा की रेघा मारायच्या?

क्षवाला: भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. तिला साधं गणित घातलं, १० टक्के आणि ३० टक्के आम्लाची दोन द्रावणं आहेत, त्यातून १५ टक्क्यांचं २० लिटर बनव. पठ्ठीने वर १० आणि ३०, मधे १५, दोन तिरक्या रेघा, खाली तिरके फरक ३० − १५ = १५ आणि १५ − १० = ५, म्हणजे १० वालं १५ लिटर आणि ३० वालं ५. बरोबर! मग म्हटलं ह्याच दोघांतून आता ३५ टक्क्यांचं २० लिटर बनव. परत रेघा, मोठ्यातून लहान वजा, रेशो १:५. अगं बाई, ३० च्या वरचं काहीच हातात नाही तर ३५ येणार कुठून? ०.३क्ष + ०.१(२० − क्ष) = ७ मांडलं असतं तर क्ष = २५ आला असता, २० लिटरात २५ लिटर, लगेच ट्यूब पेटली असती. माझं स्पष्ट मत, समीकरण मांडता येईपर्यंत ह्या रेघांच्या पद्धतीला, म्हणजे अॅलिगेशनला, हात लावू देऊ नये.

घड्याळाकडे बघा: यात रेघांचा काय दोष? मिश्रण दोघांच्या मधेच कुठेतरी पडणार हे न सांगता शिकवलंय, इतकंच. आणि समीकरणवाले काय कमी गोंधळ घालतात, २० − क्ष च्या जागी क्ष − २० लिहिणारी पोरं मी रोज बघतो. हे घ्या: ४० लिटर, २५ टक्के, थोडं काढून तेवढंच शुद्ध आम्ल घालून ४० टक्के करायचंय. २५, १००, मधे ४०, रेशो ६०:१५ म्हणजे ४:१, उत्तर ८ लिटर. तुमचा कंस सुटेपर्यंत मी पुढच्या प्रश्नावर.

जुनी वही: आणि ही काही क्लासवाल्यांनी काढलेली ट्रिक नाहीये हो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) सोन्याच्या गणितात हेच आहे, १६ आणि १० वर्णाचं (वर्ण म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचं माप) सोनं मिसळून १२ चं झालं तर कुठलं किती? १२ − १० = २, १६ − १२ = ४, म्हणून १६ वालं २ भाग आणि १० वालं ४.

क्षवाला: जुनं आहे म्हणून आधी शिकवायचं असं थोडीच असतं. भास्कराचार्यांनी बीजगणितही लिहिलंय की.

प्रयोगशाळेतून: तुम्ही लिटरवर भांडताय म्हणून मधे नाक खुपसतो. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र करा, १०० भरत नाही, ९६-९७ च्या आसपास येतं. तिथे क्ष पण झोपला आणि रेघा पण. वजनी टक्के घेऊन ग्रॅममधे करा, मग काय हवी ती पद्धत वापरा.

मधला बाक: अहो दोन्ही एकच आहे. ३०क्ष + १०य = १५(क्ष + य) लिहा, आम्ल जेवढं आत गेलं तेवढंच मिश्रणात सापडलं पाहिजे एवढाच अर्थ. इकडचं तिकडे केलं की १५क्ष = ५य, झाल्या तुमच्या रेघा. हे पोरांकडून एकदा लिहून घ्यायचं आणि मग खुशाल रेघा मारू द्यायच्या.

घड्याळाकडे बघा: लिहून घ्यायला कोण नाही म्हणतंय, पण पेपरात मिनिटभर पण मिळत नाही एका प्रश्नाला, तिथे क्ष-य करत बसलात तर शेवटची दहा गणितं तशीच राहणार.

क्षवाला: बरं, मग तीन द्रावणं घ्या, १०, २० आणि ५०, हवंय ३०. आता रेघा कुठून कुठे मारणार?

घड्याळाकडे बघा: दोन-दोनच्या जोड्या लावून. जमतं.

क्षवाला: जमतं, पण कुठलं उत्तर? भाचीने जोड्या लावून १:२:२ आणलं, मी समीकरणातून २:२:३ काढलं, ताळा केला तर दोन्ही बरोबर. आता ती विचारतेय, मामा, पर्यायात दोन्ही दिले असतील तर गोल कुठला काळा करू?