मदत हवी आहे: सोलापुरात पशुवैद्यकाचा ताण समजून घेणारं कोणी आहे का?

मोहोळ तालुक्यात ११ वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात रात्री २ वाजता अडलेली गाय सोडवली. वासरू मेलेलंच निघालं, पहाटे गायही गेली. मालक काही बोलला नाही, नुसतं दावं हाताला गुंडाळत बसला. तेव्हापासून झोप नाही. फोन वाजला की धस्स होतं, शिरेत सुई घालताना हात थरथरतो. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत कितीतरी जनावरं गेली, तेव्हाही असं झालं नव्हतं.

रक्तदाब, शुगर, थायरॉइड नॉर्मल. ४ दिवस सुट्टी घेतली, पण फोन चालूच राहिला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोललो. नीट ऐकून घेतलं, पण मला समोर बसून बोलायचंय. जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात नाही, हे आधीच सांगतो.

धारेच्या वेळा सोडून दुपारी १२ ते ४ किंवा रविवारी जमेल. दर आठवड्याला पुणं शक्य नाही. सोलापूर शहरात अनुभवातले मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सुचवाल का? आणि पशुवैद्यक मंडळींनो, रात्रीचे कॉल शेजारच्या डॉक्टरांशी पाळीपाळीने वाटून घेतले असतील, तर ते गावात कसं सांगितलंत?