'हॉस्टाइल' म्हणजे नक्की काय? आमच्या अण्णांना कोर्टात हॉस्टाइल केलंय

बांधकरी:
मंडळी एक विचारायचंय. आमचे चुलते एका मारामारीच्या केसमध्ये पंच होते, म्हणजे पोलिसांनी पंचनाम्याला साक्षीदार म्हणून घेतलेले, परवा तालुक्याला साक्ष झाली आणि सरकारी वकिलांनी त्यांना हॉस्टाइल डिक्लेअर केलं. गावात लगेच बोंब, अण्णा फितूर झाले, पैसे खाल्ले. डिक्शनरीत बघितलं तर हॉस्टाइल म्हणजे वैरभावाचा, शत्रुत्वाचा. आता अण्णा कोर्टात एवढंच म्हणाले की पोलिसांनी कागद पुढं केला, मी सही केली, काठी जप्त करताना मी बघितली नाय. यात वैर कुणाशी केलं? हाच शब्द ऑफिसच्या पॉश (लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या) ट्रेनिंगमध्ये पण असतो, शेअरच्या बातम्यांत पण असतो. जागा बदलली की अर्थ बदलतो का? आणि अण्णांना शिक्षा वगैरे होते का तेही सांगा, काकू जेवत नाहीये.

काळाकोट_सातारा:
आधी काकूंना जेवायला सांगा. हॉस्टाइल जाहीर होणं हा गुन्हा नाही.

कसंय, ज्या बाजूनं साक्षीदार बोलावला तिला सरतपासात (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना) सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणजे उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही, काय झालं ते सांगा एवढंच. समोरच्या वकिलाला मात्र उलटतपासात खोदून खोदून विचारता येतं. आता आपलाच साक्षीदार कागदावर आहे त्यापेक्षा वेगळं बोलायला लागला की सरकारी वकील जज्जसाहेबांना म्हणतात, मलाच ह्याचा उलटतपास घेऊ द्या. ती परवानगी मिळाली की झाला हॉस्टाइल, बास. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 154 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात 157, आणि गंमत म्हणजे कलमात हॉस्टाइल हा शब्दच नाहीये, इंग्लंडच्या कोर्टांतून आला आणि वकिलांच्या तोंडी बसला.

साक्ष अख्खी बाद होते हेही खरं नाही. सुप्रीम कोर्टानं 1976 च्या सतपाल केसमध्ये सांगितलंय की विश्वास ठेवण्यासारखा भाग घेता येतो.

पंचांचं तर विचारूच नका. चहाच्या टपरीवरचा माणूस बोलवायचा, पंचनाम्यावर सही घ्यायची, काही वर्षांनी समन्स गेलं की तो म्हणणार मला काय माहीत. पण पैसे खाऊन किंवा धमकीनं फिरणारेही असतात हो, आणि शपथेवर मुद्दाम खोटं बोलल्याचं दिसलं तर वेगळी कारवाई होऊ शकते. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात साक्षीदार फिरले, आरोपी सुटले, मग 2004 साली सुप्रीम कोर्टानं खटला नव्यानं महाराष्ट्रात चालवायला लावला आणि पुढं मुख्य साक्षीदारालाच अवमानाबद्दल वर्षाची कैद झाली.

मोडीवाला:
खरी गडबड आपल्या पेपरांची आहे. 'साक्षीदार फितूर' असं छापलं की वाचणाऱ्याला एकदम किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा आठवतो. अण्णांच्या बाबतीत 'साक्ष फिरवली' सुद्धा जास्तच होतंय, त्यांनी सांगितलंच होतं कुठं काही आधी.

एचआर_वाली:
पॉशचं सांगते. 2013 च्या कायद्यात 'हॉस्टाइल वर्क एन्व्हायर्नमेंट' आहे, पण लोकांना वाटतं कुणीतरी ओरडायला पाहिजे, भांडायला पाहिजे, तसं काही नाही. सगळे हसत असतात, ग्रुपवर रोज तिच्यावरून घाणेरडे जोक आणि तिला काम करणं नकोसं झालं की तेच. नुसता खडूस बॉस त्यात बसत नाही, म्हणजे माझ्याकडे अशा तक्रारी येतात म्हणून सांगतेय 😅

डिव्हिडंड_दादा:
शेअरमध्ये साधं आहे, हॉस्टाइल टेकओव्हर म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांना नको असताना बाहेरच्यानं शेअर गोळा करून ताबा घ्यायचा. 2019 ला एल अँड टीनं माइंडट्री ही आयटी कंपनी घेतली तशी. प्रमोटर लोक जाम चिडले होते, पण कॉफी डेच्या सिद्धार्थ यांनी माइंडट्रीतला आपला 20 टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा राजीखुशीनं विकला होता, मग वैर नेमकं कुणाला वाटलं ते बघा.

जर्सीची_मावशी:
इकडे अमेरिकेत बरेच जण ह्याचा उच्चार 'हॉस्टल' करतात!! लेक शाळेतून येऊन म्हणाली अमुक मुलगी फार हॉस्टल आहे, मला कळेचना. आणि बोलण्यात हा शब्द जपून वापरा बरं, ओळख दाखवत नाही, हसत नाही, तो नुसता अनफ्रेंडली किंवा कोल्ड. हॉस्टाइल म्हटलं की तो अंगावर यायच्या तयारीत आहे असा अर्थ होतो. आमच्या ह्यांनी ऑफिसच्या ईमेलमध्ये 'क्लायंट वॉज हॉस्टाइल' लिहिलं, बिचारा फक्त गप्प बसला होता, मॅनेजरचा लगेच फोन.

बांधकरी:
सगळ्यांना थँक्यू, वकील साहेबांचं उत्तर काकूला वाचून दाखवलं. अजून एक, दुसरा पंच आमच्याच आळीतला आहे, त्याची तारीख आहे पुढच्या आठवड्यात आणि अण्णांचं बघून तो म्हणतोय मी जातच नाय.

काळाकोट_सातारा:
जायला सांगा. समन्स असून गेला नाही तर वॉरंट निघू शकतं, ते हॉस्टाइलपेक्षा महागात पडेल. सही त्याचीच असेल तर हो म्हणावं आणि जे बघितलं नाही ते बघितलं म्हणू नये, मग सरकारी वकील काय ते ठरवतील.