टॉगल स्विच रात्रभरात विसरतो, काय चुकतंय?

रातराणी: ई. कोलाय जिवाणूत लॅकआय आणि टेटआर ही जनुकं बंद ठेवणारी दोन प्रथिनं एकमेकांना दाबतील असा टॉगल स्विच बांधलाय; एकदा ज्या बाजूला लोटला तिथेच राहायला हवा. लॅकआयला निष्क्रिय करणारं आयपीटीजी हे रसायन दिलं की टेटआर चालू, जोडीला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन. संध्याकाळी पेशी हिरव्यागार. आयपीटीजी धुऊन ताज्या माध्यमात सोडल्या की सकाळी चमक निम्म्याहून खाली. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. रडकुंडीला आलेय.

पेशीवाला: प्लेट रीडरवर मोजलंस? ती सगळ्या पेशींची सरासरी झाली. एकेक पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर बघ. आलेखात दोन वेगळे उंचवटे आले तर काही पेशी उलटल्यात. एकच उंचवटा खाली सरकत असेल तर स्विच द्विस्थिर, म्हणजे दोन्ही स्थितींत टिकणारा, नाहीच.

रातराणी: एकच आहे. सरकतोय.

आरण्यक: मग टेटआर कमी पडतोय. दर विभाजनाला प्रथिन दोन लेकीपेशींत वाटलं जातं. तेवढं नवं बनलं नाही तर लॅकआय डोकं वर काढणारच. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांच्या २००० सालच्या टॉगल स्विचच्या मूळ कामातही टेटआरवाल्या एका प्लाझ्मिडला (डीएनएच्या छोट्या वर्तुळाला) स्मृती टिकवता आली नव्हती, त्यामुळे खचू नकोस. मी आधी लॅकआयची रायबोसोम बंधनजागा (जिथून प्रथिन बनायला सुरुवात होते) कमजोर करीन, म्हणजे लॅकआय कमी बनेल. उलट टेटआर भरमसाट वाढवला तर पेशींची वाढच मंदावते. आणि ज्या जिवाणूत स्विच घातलायस त्या यजमान जातीत लॅकआयक्यू (जास्त लॅकआय बनवणारं जनुकरूप) आहे का? गुणसूत्रावरून येणाऱ्या त्या लॅकआयला तुझा टेटआर रोखू शकत नाही.

रातराणी: अगं बाई, आहे! जनुकप्रकारात स्पष्ट लिहिलंय. लॅकआय काढलेली जात फ्रीझरमध्ये आहे, आजच प्लेटवर रेघा ओढून वाढवते.

पेशीवाला: आठवडाभराची स्मृती हवी असेल तर बीएक्सबी१ इंटिग्रेज या विकराचाही विचार कर. तो डीएनएचा तुकडाच उलटा करतो, मग प्रथिन संपलं तरी खूण राहते.