मदत हवी आहे: नव्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडत नाही, अनोळखी खातंही दिसतंय

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा चादरी-टॉवेलचा छोटा धंदा आहे. बिलांसाठी परवाच विंडोज ११ चा कॉम्प्युटर घेतला. पेनड्राइव्हवरचा एक फोल्डर दिसेना म्हणून लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइल्स दिसतील असं सेटिंग केलं, तर सी ड्राइव्हमध्ये बाणाचं चिन्ह असलेलं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' दिसलं. उघडायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड', म्हणजे परवानगी नाही. खातं तर ॲडमिनिस्ट्रेटरचं आहे! नंतर कळलं, २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून तो खरा फोल्डर नाही, 'यूजर्स' या खात्यांच्या फोल्डरकडे वळवणारा दुवा आहे. ते पटलं.

पण यूजर्समध्ये 'पब्लिक', 'डीफॉल्ट' यांच्यासोबत 'डीफॉल्टयूजर०' पण आहे. हे मी बनवलेलं नाही. काढलं तर चालेल का?

वडिलांना वेगळं साधं खातं करून द्यायचंय, पण बिलं दोघांनाही दिसली पाहिजेत. ती 'पब्लिक'मध्ये ठेवू का? वीस वर्षांचा हिशोब आहे, परवानग्या बदलायला हात धजावत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.