जटलंडला ब्रिटिश जहाजं कशाने फुटली? पातळ चिलखत की उघडी दारं?

दर्यावर्दी
31 मे 1916. पहिल्या महायुद्धात, उत्तर समुद्रातल्या ब्रिटिश-जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत इंडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका) एकाच दिवसात स्फोट होऊन बुडाल्या. तीन हजारांवर माणसं गेली. ठरलेलं उत्तर असं की वेगापायी चिलखत कमी केलं आणि ते भोवलं. मला ते पटत नाही. तोफांची दारू हाताळण्यातली बेफिकिरी नडली.

तोफ भरायची कशी ते बघा. साडेतेरा इंची तोफेचा जड गोळा सुमारे 635 किलोचा. त्यामागे कॉर्डाईट, म्हणजे गोळा फेकणारी दारू, चार रेशमी पिशव्यांत. रेशीम अशासाठी की ते पुरतं जळतं, नळीत निखारा उरत नाही. पिशवीला काळ्या दारूची गादी शिवलेली, म्हणजे कॉर्डाईट झटकन पेट घेतं. या पिशव्या तळाच्या कोठारातून शेजारच्या खोलीत, तिथून पाळण्यातून (वर चढवणाऱ्या लिफ्टमधून) तोफेच्या फिरत्या बुरुजाखालच्या खोलीत, मग दुसऱ्या पाळण्यातून तोफेच्या बुडाशी. वाटेत आगीचा लोळ अडवायला दारं. पण मारा जलद व्हावा म्हणून दारं सताड उघडी आणि पिशव्या डब्यांतून काढून आधीच बाहेर रचलेल्या! फटाक्यांच्या दुकानात बसून विडी ओढण्यातला प्रकार.

पोलादी
असहमत. इंडिफॅटिगेबल आणि इन्व्हिन्सिबलच्या बाजूच्या चिलखताचा पट्टा जेमतेम सहा इंचांचा. समोर 11 आणि 12 इंची जर्मन तोफा. गोळा आत शिरलाच नसता तर दार उघडं काय नि बंद काय! क्रूझरांची शिकार करायला बांधलेली जहाजं बरोबरीच्या शत्रूसमोर उभी केली, मूळ चूक ती.

दर्यावर्दी
मग त्याच लढाईतली ब्रिटिश बॅटलक्रूझर लायन का वाचली? क्वीन मेरीची जवळजवळ जुळी बहीण, चिलखत तेच नऊ इंची. तिच्या मधल्या बुरुजात गोळा फुटला. पण ग्रँट नावाच्या वॉरंट ऑफिसरने आधीच शिस्त लावली होती: कोठाराचं एकच दार उघडायचं, पिशव्या लागतील तेवढ्याच बाहेर. वर मरणासन्न मेजर हार्वेने कोठारात पाणी सोडायला सांगितलं. थोड्या वेळाने लोळ खाली उतरला, खालची माणसं मेली, कोठार मात्र टिकलं. हार्वेला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ग्रँटचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

बारूद
दोघेही रसायन विसरताय. जानेवारी 1915 मध्ये डॉगर बँकच्या लढाईत जर्मन बॅटलक्रूझर सायड्लिट्झचं नऊ इंची चिलखत फुटून मागचे दोन्ही बुरूज जळाले, साठेक वेळा तोफ डागण्याइतकी दारू पेटली, दीडशेच्या वर माणसं होरपळली. तरी जहाज घरी गेलं. जर्मनांची मुख्य दारू पितळी नळकांड्यात असे आणि ती जळे, पण कॉर्डाईटसारखी भडका होऊन फुटत नसे. 1917 मध्ये ब्रिटिश युद्धनौका व्हॅनगार्ड तर स्कापा फ्लो या आपल्याच नाविक तळावर नांगरलेली असताना फुटली. तिथे ना शत्रू, ना पातळ चिलखताचा प्रश्न.

पोलादी
जर्मन जहाजं वाचली त्याचं अर्धं श्रेय ब्रिटिश गोळ्यांना द्या! तिरके लागले की चिलखतावरच फुटायचे. सुधारलेले गोळे यायला 1918 उजाडलं.

दर्यावर्दी
सायड्लिट्झचं चिलखत ब्रिटिश गोळ्यानेच फोडलं की! जटलंडला जर्मन बॅटलक्रूझर डर्फ्लिंगरचेही मागचे दोन बुरूज जळून खाक झाले. तीही तरंगतच परतली.

पोलादी
आणि ब्रिटिश बॅटलक्रूझर हूड? जटलंडनंतर आराखडा बदलून पाचेक हजार टन चिलखत वाढवलं, दारांचे नियमही कडक झाले. तरी मे 1941 मध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्कसमोर फुटलीच. 1,418 पैकी तिघे वाचले. इथे कुठलं दार उघडं होतं ते सांगा.

बारूद
दार नसेल, कॉर्डाईट होतंच.