दम्यात छातीतला चिकट कफ सुटत नाही, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या एका गावात राहतो. माझ्या सासूबाईंना बरीच वर्षे दमा आहे. तरुणपणी त्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. पंप त्या स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नियमित घेतात आणि त्याने घरघर कमीही होते, पण कफ मात्र सुटत नाही. पहाटे खोकून खोकून जीव नकोसा होतो, तेव्हा कुठे शिजलेल्या शेवईच्या तुकड्यासारखा पांढरट, चिवट कफ पडतो. सीटी स्कॅनमध्ये लहान श्वासनलिकांत कफाची बुचे बसलेली दिसली आहेत.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. निरोगी श्वासनलिकेत सूक्ष्म केसांच्या लयबद्ध हालचालीने कफ घशाकडे सरकत राहतो. दम्यात कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात, त्यातले एमयूसी5एसी हे प्रथिन जास्त प्रमाणात तयार होऊन नलिकेच्या अस्तराला धरून राहते, आणि इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे कफ आणखी घट्ट होतो. नलिका रुंद करणारे औषध स्नायू सैल करते, पण आधीच बसलेले बूच त्याने निघेलच असे नाही. म्हणूनच केवळ पंपावर विसंबून राहणे मला पुरेसे वाटत नाही.

पहिली विचारणा फिजिओथेरपीची. दीर्घ श्वास घेऊन, घसा उघडा ठेवून जोराने 'हाऽ' असा उच्छ्वास सोडण्याची पद्धत आणि फुंकून वापरायचे, उच्छ्वासाला हलका अडथळा देणारे पीईपी उपकरण यांचा दम्याच्या रुग्णांना कितपत उपयोग झाला? हे नीट शिकवणारे कोणी बेळगावात किंवा कोल्हापुरात आहेत का? कोल्हापूर आम्हांला जवळ पडते. सासूबाईंना कन्नड समजते, पण व्यायाम मराठीतून सांगितला तर त्या तो मनापासून करतील.

शेजारच्या एका काकूंनी नेब्युलायझरमधून 3 टक्के मिठाचे पाणी देण्यास सुचवले. त्याने दम्यात नलिका आकसूही शकतात, ॲसिटिलसिस्टिन हे कफ पातळ करणारे औषध श्वासावाटे घेण्याचाही तोच धोका असतो, हे ऐकल्यापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी काहीही करायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. कोणाच्या घरी हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले गेले असल्यास, आधी पंप देऊन मग दिले का, आणि त्रास झाला का, ते कृपया लिहावे.

ड्युपिलुमॅब या दम्यातील दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनाने कफाची बुचे कमी होतात असे अभ्यासांतून दिसले आहे, परंतु खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा वाटतो. ते घेतलेल्यांनी त्यासाठी कोणत्या तपासण्या लागल्या आणि खर्चाची सोय कशी केली, हे सविस्तर सांगितल्यास पुढच्या भेटीत डॉक्टरांशी नेमके बोलता येईल.